चाळीस मिनिटं

७८६
आर्णी
२४ नोव्हेंबर २०२४

शाम आडे यास,

मी बशीर मिस्त्री, इमरानचा बाप. तुमचं विमान पडलं आणि माझं पोरगं गेलं त्याला आज दीड महिना झाला. तू दवाखान्यात होतास तोवर मी गप्प बसलो. आता तू दारव्ह्याजवळ तुझ्या तांड्यावर आलास, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि बाकी ठीक आहे, असं भीमराज जीपवाल्याकडून कळलं. म्हणून लिहितो. फोन करू नको. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांशेजारी बसून माझे कान गेले. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. जे असेल ते लिहून भीमराजजवळ दे. त्याची जीप रोज दारव्हा-आर्णी करते.

इमरान तुझी फार तारीफ करायचा. "अब्बा, को-पायलट आपल्याच बाजूचा भेटला. विमानात वऱ्हाडी बोलाले मिळते," असं हसून सांगायचा. तेव्हा तू घरचाच झालास असं मी समजून होतो. पण घरचा माणूस दीड महिन्यात दोन ओळी तरी पाठवतो.

कंपनीचा माणूस येऊन गेला. "कॅप्टनची चूक," म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. मग सरकारी चौकशीचे साहेब आले. विमानात बसायच्या आधी दोन दिवस इमरान कुठे होता, किती झोपला, हे खोदून खोदून विचारत होते. मी सांगून टाकलं, माझ्या घरी होता, पोटभर जेवला, पोटभर झोपला. माझा मुलगा डुलक्या खात ड्यूटीवर जाणारा नव्हता. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सही केली.

माझा प्रश्न एवढाच, मशीन फेल झाली की माणूस? मी मिस्त्री आहे. आयुष्यभर इंजिनं उघडली. इंजिन खोटं बोलत नाही, ते चालवणारा बोलतो.

दुसरा प्रश्न माझा नाही, अमिनाचा आहे. इमरानची अम्मी. तिला फक्त एवढंच पाहिजे की तो शेवटी काय बोलला. ती ताटावर बसते आणि उठते. काही असेल तर लिही.

बशीर

*

बोरखेड तांडा, ता. दारव्हा
२ डिसेंबर २०२४

आदरणीय बशीर चाचा,

सलाम. तुमचं पत्र राखीने, माझ्या धाकट्या बहिणीने, हातात दिलं. मी आधी लिहायला हवं होतं. कागद घेऊन बसायचो आणि "आदरणीय" च्या पुढे जायचो नाही.

सर मला कंपनीत पहिल्यांदा भेटले ते डब्यावरून. मी कोपऱ्यात एकटा जेवत होतो. त्यांनी न विचारता माझ्या डब्यातला ठेचा उचलून तोंडात घातला आणि म्हणाले, "कुठचा आहे बे तू? हा तर आपल्याकडचा ठेचा आहे." त्या दिवसापासून जमिनीवर ते इमरानभाई आणि कॉकपिटमध्ये बसलो की सर. त्यांनीच तसं ठरवून दिलं होतं.

आमचं विमान मालाचं. आत माणसं नसतात, खोकी असतात. लोक मोबाइलवर मागवतात त्या वस्तू, औषधं, एकदा तर कोंबडीची पिल्लं. माल दिवसभर गोळा होतो म्हणून आमचं उडणं कायम रात्रीचं. त्या दिवशी पहाटे उतरताना रनवे ओला होता. विमान रनवे सोडून पुढच्या नाल्यात गेलं. सरांची बाजू आधी आदळली. मशीनबद्दल मी काही बोलू नये असं वकील म्हणतो, म्हणून लिहीत नाही.

चाचींना सांगा, ते अजिबात घाबरले नव्हते. शेवटी त्यांनी "अम्मी" म्हटलं. एवढंच. मी शेजारी होतो, मी ऐकलं.

मला माफ करा.

तुमचा
शाम

*

७८६
आर्णी
१२ डिसेंबर २०२४

शाम बेटा,

तुझं पत्र मी अमिनाला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिने कागद हातात घेतला आणि नुसता धरून बसली. तिला मराठी वाचता येत नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. आता मोहल्ल्यात जी येते तिला सांगते, "मेरा नाम लेके गया." तू माझ्या घरावर उपकार केलेस.

पण माझ्या प्रश्नाला तू बगल दिलीस. ओला रनवे? ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा हे तो बारा वर्षांचा असताना मी त्याला माझ्या जुन्या एम-एटी गाडीवर शिकवलं. माझा धाकटा, शादाब, मोबाइलवर बातमी दाखवत होता. तीत लिहिलं आहे की विमान रनवेच्या अर्ध्यावर जाऊन टेकलं. अर्धा रनवे मागे टाकून! म्हणजे उंची जास्त होती, वेग जास्त होता. एवढं मला गॅरेजमध्ये बसूनही कळतं. एवढी उंची, एवढा वेग इमरानने येऊच कसा दिला? कॉकपिटमध्ये तू काय करत होतास?

वकील गेला खड्ड्यात. मला लिही.

बशीर चाचा

*

बोरखेड तांडा
२७ डिसेंबर २०२४

आदरणीय चाचा,

पंधरा दिवस हे पत्र मी मनात लिहिलं. आज कागदावर लिहितो.

रात्रीच्या लांब उड्डाणात एका पायलटला बसल्या जागी थोडी झोप घ्यायची मुभा असते. चोरी नाही, तसा नियमच आहे. चाळीस मिनिटं, जास्त नाही. दुसऱ्याने जागं राहायचं आणि वेळ झाली की उठवायचं. उठलेल्याने पुढची वीस मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, कारण डोळे उघडले तरी डोकं झोपलेलं असतं.

त्या रात्री सर विमानात बसले तेव्हाच त्यांचे डोळे लाल होते. ओळीने चार रात्री उडाल्यावर त्यांना दोन दिवसांची सुट्टी होती, ती अर्ध्यात तोडून कंपनीने बोलावलं होतं. वर गेल्यावर म्हणाले, "शाम, मी पडतो. चाळीस मिनिटांनी उठव." आणि मिनिटभरात झोपले. तोंड उघडं, मान एका बाजूला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

चाचा, मी त्यांना वेळेवर उठवलं नाही.

आमच्या तांड्यावर झोपलेल्या मोठ्या माणसाला उठवत नाहीत. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून रात्ररात्र चालायचे. थकलेल्याला झोप लागली की तिला कुणी हात लावायचा नाही, सकाळी उशीर झाला तरी चालेल. लहानपणी बा झोपलेला असताना मी हाक मारली म्हणून याडीने, माझ्या आईने, मला उलथन्याने मारलं होतं. सरांकडे पाहून माझा हात उचलला गेला नाही. म्हटलं, अजून पाच मिनिटं झोपू दे. अशी पाच-पाच मिनिटं दीड तास झाला. मग घाईत उठवलं, उतरायला उशीर झाला, आणि ते अर्धवट झोपेत होते. मी पूर्ण वेळ जागा होतो, मी लक्ष ठेवून होतो, पण उठवलं नाही.

हे मी चौकशीत सांगायला निघालो होतो. सर थकलेले होते, एवढं म्हणालो तर साहेबांनी तुमचा जबाब पुढे केला. त्यात लिहिलंय की घरी पोटभर झोपले. ते म्हणाले, बाप खोटं बोलेल का? चाचा, मला एवढंच सांगा, ते आर्णीला खरंच झोपले होते?

शाम

*

आर्णी
३ जानेवारी २०२५

शाम आडे,

मी कोण आहे हे तुला इमरानने सांगितलं नव्हतं का? आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या महिन्यात पहाटे सहरीसाठी, रोज्याआधीच्या जेवणासाठी, लोकांना उठवत फिरतो तो मी. बावीस वर्षं. एका हातात काठी, एका हातात टॉर्च. दीडशे घरं. माझ्या हाकेने उठली नाही अशी एक म्हातारी आर्णीत नाही. झोपलेल्याला वेळेवर उठवणं हे सवाबाचं, पुण्याचं काम आहे असं मानून मी आयुष्य काढलं.

आणि माझ्या पोराने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला उठव, तरी तू उठवलं नाहीस. कसला मान? कसली रीत? तुझ्या तांड्याची रीत जमिनीवर ठेवून वर जायचं होतं.

इमरान घरी झोपला होता. मी लिहून दिलं आहे. पुन्हा विचारू नको.

पुन्हा लिहूही नको.

बशीर

*

बोरखेड तांडा
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बशीर चाचा,

मी राखी, शाम आडेची बहीण. दारव्ह्याच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. दादाला न सांगता लिहीत आहे. तुम्ही लिहू नको म्हणालात ते दादाला, मला नाही, असं समजून लिहिते. राग आला तर पत्र फाडून टाका, पण वाचून फाडा.

दादा झोपत नाही. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं डोळा लागतो आणि ओरडून उठतो, "किती वाजले?" डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्यात, त्या तो घेत नाही. म्हणतो, गोळीने झोपलो आणि कुणी उठवलंच नाही तर? आणि कधी कधी गोळ्यांकडे नुसता पाहत बसतो. तेव्हापासून ती बाटली मी माझ्या दप्तरात ठेवते आणि कॉलेजात सोबत नेते. घरी याडीला हे माहीत नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस मोठ्या गाडीतून तांड्यावर आला. टाइप केलेला कागद आणला होता. त्यात लिहिलंय की दोन्ही पायलटांची झोप पूर्ण झाली होती, कॅप्टनने नियम मोडला, को-पायलटने वारंवार सांगूनही ऐकलं नाही. यावर दादाने सही केली तर त्याचं लायसन्स राहील. नाही केली तर सगळा दोष त्याचा एकट्याचा, कारण कॅप्टन झोप घेऊन आले होते हे त्यांच्या वडिलांनीच लिहून दिलं आहे.

बा म्हणतो सही कर. "गेलेल्या मानसाले काय फरक पडते? आपल्याले जगाचं हाय." अख्खा तांडा तेच म्हणतो. तांड्यावरून पहिला मुलगा पायलट झाला, तो चुलीपुढे बसलेला कुणाला पाहवत नाही. सुनावणी नागपूरला आहे, १७ आणि १८ मार्चला. तो कागद दादाच्या उशीखाली आहे. सही अजून नाही.

दादा सांगतो की कंपनीची तीच विमानं आता दुसरे दोघे उडवतात, तशीच, ओळीने रात्री. त्या दोघांची नावंही त्याला माहीत आहेत.

तुम्ही खरं लिहून दिलं असेल तर मी माफी मागते. नसेल, तर सही व्हायच्या आत कळवा.

राखी

*

७८६
आर्णी
२० फेब्रुवारी २०२५

शाम बेटा,

हे पत्र शादाबला नाही दाखवलं, अमिनाला नाही दाखवलं. तुला आणि अल्लाला.

ऑक्टोबरमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. शादाब म्हणाला मी नेतो. मी अडून बसलो, थोरला आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही. इमरान फोनवर म्हणाला, "अब्बा, चार रात्री उडून राह्यलो, दोन दिवस झोपू द्या, पुढच्या आठवड्यात येतो." ते शादाबने मला मोठ्याने सांगितलं. मी फोनमध्ये ओरडलो, पायलट झाला तर बापासाठी वेळ नाही का? आला मग. विमानातून उतरला तसाच गाडीत बसला आणि नागपूरहून सकाळी अकरा वाजता इथे पोचला. जेवला आणि मला घेऊन यवतमाळला निघाला. रात्रभर दवाखान्यात बाकावर बसून होता. मला दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते, ते मी नर्सच्या हातून घेईना. त्याच्याच हातून पाहिजे होते. सकाळी ऑपरेशन झालं. दुपारी त्याला कंपनीचा फोन आला, आज रात्रीच या, माणूस कमी आहे. मी विचारलं, नाही म्हणता येत नाही का? तो म्हणाला, येते, पण मग पुढच्या महिन्यात घरीच बसावं लागते.

चारला आर्णीला पोचलो. अंगणातल्या खाटेवर आडवा झाला. म्हणाला, "अब्बा, तासभर पडतो." मला पट्टीच्या डोळ्याने घड्याळ दिसेना. मला वाटलं उशीर होईल, नागपूर दूर आहे, माझ्या मुलाला कुणी लेटलतीफ म्हणू नये. वीस मिनिटांत मी त्याला हलवलं. "उठ." तो म्हणाला, "थोडंसं अजून." मी पांघरूण ओढून घेतलं.

चौकशीचे साहेब आले तेव्हा हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? म्हणून म्हटलं पोटभर झोपला. माझ्या पोराच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून खोटं बोललो, आणि त्या खोट्यानेच सगळा बट्टा त्याच्या डोक्यावर ठेवायची सोय झाली. हे मला तुझ्या बहिणीच्या पत्राने कळलं. एवढी वर्षं इंजिनं दुरुस्त केली आणि स्वतःतला बिघाड मला दिसला नाही.

मी त्याला झोपू दिलं नाही आणि तू त्याला उठवलं नाहीस. तुला शिव्या देताना मी स्वतःलाच देत होतो.

सही करू नको. मी १८ तारखेला नागपूरला जाऊन जबाब बदलणार आहे.

बशीर चाचा

*

बोरखेड तांडा
३ मार्च २०२५

चाचा,

परवा चंद्र दिसला असेल. रमजान मुबारक म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतो.

तुमचं पत्र वाचून मी उशीखालचा कागद चुलीत घातला. मग बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तुम्ही सगळं लिहिलंत. मी नव्हतं लिहिलं. विमानातलं बोलणं रेकॉर्ड होतं, आणि सुनावणीत ते वाचून दाखवणार आहेत. तुम्हाला ते तिथे कळण्याआधी मी सांगतो.

माझीही ती ओळीने पाचवी रात्र होती. चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी हळूच "इमरानभाई" म्हटलं. ते हलले नाहीत. मी म्हटलं, "झोपा, पाच मिनिटं." इथपर्यंत जे लिहिलं होतं ते खरं आहे. पण पुढे मी पाच-पाच मिनिटं मोजत जागा नव्हतो. मी झोपलो. मीही झोपलो, चाचा. विमान आपोआप सरळ जात राहतं. पन्नास मिनिटं ते कुणीच चालवत नव्हतं. रेडिओवर कुणीतरी आमचा नंबर घेऊन ओरडत होतं, त्याने मला जाग आली. उतरायला सुरुवात करायची जागा कधीच मागे गेली होती.

मी त्यांना गदागदा हलवलं. त्यांनी डोळे उघडले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून उठवलं नाही बे तू मले?" त्यांना राग आला नव्हता. लहान पोरगं शाळेला उशीर झाल्यावर आईला विचारतं तसे ते बोलले. रेकॉर्डमध्ये त्यापुढे नुसती घरघर आहे.

मग वीस मिनिटं थांबायला वेळच नव्हता. त्यांनी हातात घेतलं. उंची जास्त, वेग जास्त. अशा वेळी को-पायलटने ओरडून सांगायचं असतं की उतरू नका, परत वर घ्या. मी काय म्हणालो ते ऐका: "सर, थोडं जास्त वाटते." थोडं! मला दिसत होतं की अर्धा रनवे संपला आहे आणि मी थोडं म्हणालो, कारण ते सर होते आणि मी आधीच एक चूक करून बसलो होतो. ते म्हणाले, "होते, होते, उतरवतो मी."

त्यांनी "अम्मी" म्हटलं नाही. ते मी बनवलं. तुमच्या पत्रात चाची जेवत नाहीत असं होतं म्हणून. त्यांचा शेवटचा शब्द माझ्यासाठी होता. नाला समोर दिसला तेव्हा ओरडले, "शाम, डोकं खाली घाल!" मी घातलं. ते हँडल धरून होते म्हणून त्यांनी घातलं नाही.

हे मला कुणालाच सांगता येत नव्हतं. माझं जगणंही त्यांनीच वेळेवर हाक मारली म्हणून आहे.

चाचींना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी १७ तारखेला हे सगळं बोलणार आहे.

शाम

*

७८६
आर्णी
२१ मार्च २०२५

शाम बेटा,

तू १७ ला बोललास, मी १८ ला. आपली गाठ पडू दिली नाही. तुझं लायसन्स त्याच दिवशी थांबवलं असं तिथल्या शिपायाने सांगितलं. मला माहीत आहे तू ते किती खस्ता खाऊन मिळवलं होतंस.

मी साहेबांना म्हणालो, माझा पहिला जबाब खोटा आहे. तास-तास सांगितला. बाक, थेंब, खाट, पांघरूण. कंपनीच्या वकिलाने विचारलं की मुलाचं नाव वाचवायला आता हे सांगता का? मी म्हणालो, साहेब, नाव वाचवायला मागे खोटं बोललो होतो. त्यांनी मग कंपनीचा तक्ता मागवला, कोण किती रात्री ओळीने उडतं तो. पुढे काय होईल अल्ला जाणे. मोठ्यांच्या चौकशा मी पाहिल्या आहेत. पण कागदावर आलं.

अमिना सोबत आली होती. मी तिला आधी सांगू शकलो नाही. पंधरा दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. म्हणून साहेबांनी रेकॉर्ड वाचून दाखवलं तेव्हा तिने ते तिथेच ऐकलं. तेवढ्या लांबून मला ऐकू येत नव्हतं, मी तिचं तोंड पाहत होतो. शेवटपर्यंत वाट पाहिली तिने. तिचं नाव आलं नाही.

परतीची एसटी कळंबला थांबली तेव्हा रोजा सोडायची वेळ झाली होती. तिथेच बाकावर बसून खजूर काढले. तिने एक तोंडात घातला, पाणी प्याली आणि माझ्या कानाशी तोंड आणून, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मेरा नाम लेता तो मेरेकू क्या मिलता? उस बच्चे का नाम लिया तो बच्चा बच गया. बुलाव उसको." मग रडली. पाच महिन्यांत अशी रडली नव्हती.

रमजान लागल्यापासून मी पहाटे बाहेर पडलो नव्हतो. मोहल्ल्यातल्या पोरांना सांगितलं होतं, मोबाइलचा गजर लावा, बशीर चाचाचं काम संपलं. काल पुन्हा काठी घेतली. पहिल्या दारावर आवाज निघेना. दुसऱ्यावर निघाला.

तू ये. इमरानची खाट अंगणातच आहे. झोप येत नसेल तर बसून राहा, माझ्यासोबत पहाटे चल. झोप आली तर झोप. मी आहे उठवायला. वीस मिनिटांत नाही आणि दीड तासाने नाही, बरोबर सांगशील तेव्हा.

राखी बेटी, हे पत्र तुझ्या हातात आधी येईल. याला झोप लागली तर लागू दे. पण मग उठव. ती गोळ्यांची बाटली अजून तुझ्याच दप्तरात राहू दे.

बशीर चाचा

*

बोरखेड तांडा
२४ मार्च २०२५

आदरणीय चाचा आणि चाची,

सलाम. दादाच्या वतीने मी लिहिते, तो नंतर लिहील.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. दादाने ते उजेडात खाटेवर बसून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि कागद छातीवर तसाच ठेवून आडवा झाला. मी पाणी आणायला गेले, परत आले तर झोपला होता. तोंड उघडं, मान एका बाजूला. मला आधी भीतीच वाटली, दप्तर उघडून बाटली पाहिली. भरलेली होती.

याडी दारात बसून कोंबड्या हाकलत होती, आवाज नको म्हणून. बाने शेजारच्या घरी जाऊन त्यांचा टीव्ही बंद करायला लावला. "कोनी उठवाचं नाही त्याले," म्हणाला. "पाच महिन्यानं झोपला पोट्टा."

मी घड्याळ पाहत बसले. चाळीस मिनिटं झाली. माझा पाय उचलेना चाचा. मोठा भाऊ, आणि एवढ्या दिवसांनी झोपलेला. वाटलं अजून पाच मिनिटं. मग तेच आठवलं आणि उठले.

खांद्याला हात लावला, "दादा." हलला नाही. मग मी ओरडले. "दादा, उठ! चाळीस मिनिटं झाली!" याडी धावत आली आणि मला शिवी दिली. दादाने डोळे उघडले. थोडा वेळ त्याला कळेना कुठे आहे. माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"उठवलं तू मले," म्हणाला. आणि माझा हात धरून लहान मुलासारखा रडला. मग भाकर मागितली. दोन खाल्ल्या.

शुक्रवारी आम्ही भीमराजकाकाच्या जीपने येतो. मीही येते आहे. वाटेत झोपला तर उठवायला सोबत कुणी पाहिजे.

राखी